केसपेपरवरची कोरी जागा

"ए, तिकडे गड्यांत जा," कल्याणच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या रांगेतली एक म्हातारी मला म्हणाली. गड्यांत गेले. तिथला एक हसला, "अगं बाई, आमच्यात कुठे?" मग मी मधे उभी राहिले. स्वतःची तिसरी रांग काढली. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, तरी नंबर लागेना!

लागला, तेव्हा खिडकीतल्या माणसाने आधार कार्डावरचं माझं जुनं, बापाने ठेवलेलं नाव मोठ्यांदा वाचलं. दोनदा. दोन्ही रांगा हसल्या. मीही पदर सावरला आणि नाटकातल्या राणीसारखी लवून मुजरा केला. सेहेचाळीस वर्षांत एवढंच शिकलेय. लोकांच्या आधी आपण हसायचं.

आत मनोविकाराचे डॉक्टर. मी स्टुलावर बसले. काय सांगायचं ते मोहने गावातून येताना पाठ केलेलं. महिनाभर झोप नाही. घरमालक खोली सोड म्हणतोय, दुसरी कोणी देत नाही. आणि सकाळी शहाडच्या पुलावर थांबलेले. खाली नदीकडे बघत. बराच वेळ.

"डॉक्टर, झोप..." एवढंच तोंडातून निघालं.

"तुम्हा लोकांना कसलं टेन्शन?" ते हसले. "बरं झालं आलीस. सुनेला नववा लागलाय. आशीर्वाद दे." आणि चक्क मान झुकवली.

आमच्या गुरूची शिकवण आहे, कोणी मान झुकवली तर हात मागे घ्यायचा नाही. हात आपोआप उठला. "सुखरूप सुटका होऊ दे!" आवाजही कसा, खणखणीत. मरायला निघालेली बाई जन्माला आशीर्वाद देत होती.

"पुढचा," डॉक्टर म्हणाले.

बाहेर येऊन केसपेपर बघितला. एका गोळीचं नाव. तक्रारीची जागा कोरी.

परत आत गेले. त्याच स्टुलावर बसले.

"आता काय?"

"आशीर्वाद परत मागत नाही. बाळाने माझं काय वाकडं केलंय? पण आता लिहा. हिला जगावंसं वाटत नाही."

"बाहेर गर्दी आहे. मावशी, हिला काढा."

दारावरच्या आयामावशीने माझा दंड धरला. मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. गुरूची शिकवण तिथेच मोडली. माझी ओळ कागदावर येईपर्यंत हे हात उठणार नाहीत. डॉक्टरांनी मान काय, जमिनीला नाक लावलं तरी.