गणूचा दगड, करीमची कबर

अकोल्याच्या कँपात बदली झाली, तेव्हा माझ्या हातातली बंदूक गेली आणि चुन्याची बादली आली. पायात गोळी घेतलेला हवालदार परेडला काय कामाचा? साहेबांनी मला लष्करी दफनभूमीवर नेमलं. ऑर्डर सरळ होती: गोऱ्यांच्या कबरींना चुना फासायचा, उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडल्या की मुरुमाने बुजवायच्या.

आमची दोन माणसं मात्र कुंपणाबाहेर होती. पातूरच्या घाटात दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यात माझा पाय अधू झाला आणि ती दोघं गेली. सिपाई शेख करीमला इथे माती दिली. सिपाई गणूची राख शेजारीच पुरून वर दगड ठेवला. त्यांच्याबद्दल कुणाचीच ऑर्डर नव्हती, म्हणून मीच बघत असे.

त्या दिवसांत कापसाचा भाव असा चढला की लोक उंबऱ्यापर्यंत नांगरू लागले. शेजारचा शेतकरी सखाराम नांगराचं एकेक तास पुढे सरकत होता. एके सकाळी त्याचे बैल करीमच्या उशाशी उभे.

"हवालदार, कापूस सोन्याच्या भावानं चालला. मेलेल्यायनं काहून जमीन अडवून ठेवाची?"

"बैल मागं घे."

"आज घेतो. उद्या नाई."

साहेबांकडे गेलो. कुंपणाबाहेरचं आपलं नाही, म्हणाले. तडक परत आलो आणि दिवसभर लंगडत येरझाऱ्या घातल्या. संताप मावेना. शेवटी सुचलं. आमचा वऱ्हाडी माणूस सरकारला भीत नाही, शेंदराला भितो. बाजारातून शेंदूर आणून तेलात कालवला आणि गणूच्या दगडाला फासला. करीमवर हिरवी चादर घातली. दुसऱ्या दिवशी सखाराम आला, जोडे काढून पाया पडला आणि बैल वळवून गेला.

जमीन वाचली, पण माझी झोप उडाली. बाया नारळ आणू लागल्या, नवस बोलू लागल्या. गणू म्हसोबा झाला, करीम पीर झाला. गणू म्हसोबा! पहाऱ्यावर घुबड ओरडलं तरी माझ्या आड लपणारा! आधी हसू येई, मग प्रश्न पडे. मी गेल्यावर ही दोघं कोण होती, हे सांगणार कोण? आणि खरं सांगावं, तर नांगर परत येणार.

एके दिवशी सखारामची बायको नारळ घेऊन आली.

"हा देव नवसाले पावते का, दादा?"

मला राहवेना.

"देव नाई, बाई. सिपाई गणू हाय. माह्याच रांगेत होता. अन् तो शेख करीम."

ती दगडाकडे बघत राहिली. मी तिच्या शेताकडे बघत होतो.

"काय आवडे त्याले?"

"ज्वारीची भाकर अन् ठेचा. अर्धी करीम पळवे."

ती नारळ घेऊन परत गेली. आता नांगर येणार, असं धरून मी दुसऱ्या दिवशी पहाटेच जाऊन उभा राहिलो. नांगर आला नाही. गणूच्या दगडापुढे ठेचा आणि अर्धी भाकर ठेवलेली होती. उरलेली अर्धी करीमच्या उशाशी होती.