नानासाहेब वाढायला उठले

चितेगावच्या पंचक्रोशीत लग्नाची पंगत नानासाहेबांशिवाय बसत नाही. माणूस बागायतदार, आचारी नव्हे. चाळीस वर्षं केवळ हौसेनं वाढतोय. त्यांच्या लेकीनं, तनुजानं, आमचं जमल्यावर हे मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. मी मनात म्हटलं, वाढण्यात काय एवढं? बादली घ्यायची, ओतत पुढं जायचं. माझी अक्कल तेवढीच.

आमचे बाबा निवृत्त प्राध्यापक. जातीबाहेरच्या या लग्नाला ते ‘नाही’ म्हणाले नव्हते, पण ‘हो’ही म्हणत नव्हते. ‘आधी माणसं बघू,’ एवढंच. म्हणून पहिली भेट कुठं घ्यायची यावर मी फार डोकं चालवलं. त्यांचं घर नको, आमचंही नको. जालना रोडवर जपानी, थाई, चिनी सगळं एकत्र करणारं नवं महागडं हॉटेल निघालं होतं, तिथं टेबल सांगितलं.

पाऊण तास पाण्यावर गेला. मग काळ्या पाटीवर मोदकासारखी चार डंपलिंग आली, तीही गार. आम्ही पाच जण: आई-बाबा, नानासाहेब, तनुजा आणि मी.

“अमेय, नैवेद्य आहे का रे हा?” आई म्हणाली.

मागोमाग वाडगाभर मशरूम घातलेल्या नूडल्स आणि भाताचा लगदा आला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! बाबा चष्मा पुसायला लागले. ते चष्मा पुसू लागले की समजावं, मत बनलं.

तेवढ्यात नानासाहेब उठले. “राहू द्या भाऊ, मी बघतो,” म्हणत त्यांनी वेटरच्या हातातला चिमटा घेतला आणि टेबलाभोवती वाकून वाढायला लागले. असल्या हॉटेलात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग मी बघतच राहिलो.

नूडल्सचा एक धागा टेबलावर सांडला नाही. त्या एवढ्याशा वाडग्यातून ते वाढतील ती बशी भरलेली दिसत होती. हे कसं होतं, मला आजही सांगता येणार नाही. बाबांच्या बशीत मात्र एकही मशरूम नव्हतं. बाबा चमकले.

“मला चालत नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाय, सर. मघाशी वाडगा बघून तुम्ही जरा मागं सरकलात. वाढणाऱ्यानं ताटाकडं नाय, तोंडाकडं बघावं.”

बाबा हसले. आईनं भात मागून घेतला. जेवण तेच, भिकार. पण आम्ही पंगतीला बसल्यासारखे गप्पा मारत जेवत होतो. खरं सांगतो, त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं मला.

“अहो, तुमची बशी?” आईच्या अचानक लक्षात आलं.

ती कोरडी होती. वाडगे रिकामे, पाटी रिकामी.

“माझं असू द्या, ताई. पंगत उठल्याबिगर मला घास उतरत नाय. चाळीस वर्सांची खोड हाय.”

बाबांनी वेटरला बोलावून आणखी नूडल्स मागवल्या. त्या आल्या तशी ते खुर्ची सारून उभे राहिले. घरात स्वतःच्या हातानं पाणीसुद्धा न घेणारा हा माणूस चिमटा धरून वाकला. निम्म्या नूडल्स टेबलावर पडल्या.

नानासाहेबांनी घाईघाईनं बशीवर हात आडवा धरला. “नगं, नगं, सर.”

“हात काढा व्याही,” बाबा म्हणाले, “आता मी वाढतोय.”

नानासाहेबांनी हात काढला.