शाबूत कुलूप

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात, माझ्या हार्डवेअरच्या दुकानासमोर वसराम चाव्या करायला बसायचा. लकव्यानं त्याचा उजवा हात गेला आणि त्या जागेवर त्याची बायको द्वारकाबाई बसू लागली. लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू!

चावी घासायला ती लवकर शिकली. चावीशिवाय कुलूप उघडणं मात्र जमता जमेना. वसराम शेजारी पोत्यावर बसून कान देऊन ऐकायचा. "जोर काहून लावून राहिली? तार हलकी धर. आतल्या पिना एकेक वर जाऊ दे, हाताला कळतं ते." एकाच जुन्या कुलपाशी तीन महिने तिची झटापट चालली. बोटं सोलली. वसरामचा हट्ट एकच, कुलपाला ओरखडा उठता कामा नये. फोडायला काय, कोणीही फोडतं. एकदाचं ते उघडलं तेव्हा बाई लहान पोरीसारखी हसली.

मे महिन्यात, भर दुपारी तिला मागच्या गल्लीतून बोलावणं आलं. मीही मागोमाग गेलो. म्हातारी पंचफुलाबाई पत्र्याच्या घरात कोंडलेली होती. ती वाट चुकते म्हणून मुलगा शिवशंकर बाहेरून कुलूप लावून नांदेडला लग्नाला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. म्हातारी आतून पाणी मागत होती. तिचा पुतण्या विश्वंभर दाराशीच उभा होता, पण त्याचं आणि शिवशंकरचं घराच्या वाटणीवरून वाकडं.

"मी कुलूप फोडलं तं ताबा घेतला म्हून केस करल तो," विश्वंभर म्हणाला.

भावकीच्या भांडणात जमलेल्या आम्हालाही पडायचं नव्हतं. कुलूप शाबूत उघडायचं, असं आम्ही शहाण्यांनी ठरवलं.

द्वारकाबाई उकिडवी बसली. पत्रा पोळत होता. "मावशी, दोन मिनिटं बरं का," ती ओरडली. आतून "व्हय बाई" आलं. तार घसरली. तिनं पुन्हा घातली. घामानं हात निसटत होते आणि मी तिच्यावर छत्री धरून "सावकाश, सावकाश" म्हणत होतो. अर्धा तास गेला. आतला आवाज कधी थांबला, कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

कुलूप उघडलं, एक ओरखडा न उठता. दार मात्र पुरतं उघडेना. पंचफुलाबाई आतून दाराला टेकून पडली होती. गेली होती.

तेरावं झाल्यावर शिवशंकरनं तेच कुलूप पुन्हा दाराला लावलं.

त्यानंतरच्या बाजाराला द्वारकाबाई दुकानात आली. "शेटजी, एक हातोडी द्या."

मी खुंटीवरची एक काढून दिली. तिनं ती हातात तोलली, मग खुंटीकडं पाहिलं.

"त्या दिशी बी इथंच टांगलेल्या व्हत्या न्हाई का?"

"व्हय," मी म्हणालो.

तिनं पैसे मोजून दिले. हातोडी पिशवीत टाकून समोर आपल्या जागेवर जाऊन बसली. मला तिच्याकडं पाहायची लाज वाटते. बाजाराच्या दिवशी मी आता रस्त्याकडं पाठ करून बसतो.