सुकदेवचा उजवा कान

सुकदेव सुरतेतल्या लिंबायतचा. फौजेत जायच्या आधी तीन वर्षं त्यानं बापाच्या जोडीनं लूम्सच्या खात्यात, कापडाच्या मागांवर काढली. खात्यात मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही. माणसं समोरच्याचे ओठ वाचतात. ही विद्या त्याला तिथंच साधली, आणि तिनंच पुढं त्याचा घात केला.

फौजेत तो मोठ्या बंदुकीवर नंबर दोन होता. बारा पॉइंट सात मिलिमीटरची, माणसासाठी नव्हे, दीड किलोमीटरवरच्या गाडीचं इंजिन फोडायला बनवलेली. तिच्या नळीच्या तोंडाशी आडव्या फटींचं लोखंडी बोंड असतं. गोळीमागचा जाळ त्यातून आजूबाजूला, मागं फेकला जातो, म्हणून चालवणाऱ्याचा खांदा शाबूत राहतो. जाळ जातो शेजारी दुर्बीण घेऊन पडलेल्या नंबर दोनकडं. त्यात ती आपोआप भरणारी. बोल्ट ओढायला उसंत लागत नाही, पहिलीचा धुरळा बसायच्या आत दुसरी सुटते. एका सरावात पहिली गोळी झाली, सुकदेवला वाटलं थांबले. वायरलेस ऐकायला त्यानं उजव्या कानातला बोळा काढला. दुसरी सुटली.

त्या कानात मग शिट्टीच राहिली. डावाही हळूहळू गेला.

निवृत्तीच्या तपासणीत डॉक्टर पाठीमागं उभा राहून आकडे पुटपुटत होता. समोर औषधांचं काचेचं कपाट. सुकदेवनं काचेत त्याचे ओठ वाचले आणि सगळे आकडे बरोबर सांगितले. कागदावर शेरा पडला : कान उत्तम. केवढा खूश झाला होता! कान गेल्याची वेगळी पेन्शन असते आणि ती त्या शेऱ्यानं बुडाली, हे मागाहून कळलं.

घरी कुणाला कळलंच नाही. मालतीबाईचा जन्म खात्यात गेलेला, ती बोलते तेच ओठांनी आणि हातांनी. पाठमोऱ्या नवऱ्यानं ओ दिली नाही की म्हणायची, "बॉर्डरवर कान इसरी उनात का?" विसरून आलात का, म्हणून.

इच्छापोरच्या कारखान्यात तो गेटवर लागला. गेल्या महिन्यात गॅस गळतीची रंगीत तालीम झाली. भोंगा वाजला की मागचं गेट उघडायचं, हे त्याचं काम. भोंगा वाजला. तो गेटकडं पाठ करून चहा ओतत बसला. वळून पाहिलं तर गजांना शंभर हात लटकलेले.

"काय फौजी, डुलकी लागली का?" सुपरवायझर योगराज हसला.

"चावी सापडत नव्हती, साहेब."

मग कंपनीनं सगळ्या गेटवाल्यांचे कान तपासायला काढले. नापास झाला तर नोकरी गेली.

काचेच्या खोलीत त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवला. बाहेर मशीनवर गायत्री नावाची मुलगी. "काका, आवाज आला की बटण दाबा हं."

आवाज येईना. पण ती कळ दाबायची तेव्हा तिचा खांदा किंचित हलायचा. नंबर दोनची नजर, सुटते कशी? सुकदेवनं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. गायत्री मान डोलवू लागली.

मग त्याला गजांवरचे हात दिसले. त्यानं डोळे मिटले.

दार उघडल्याचा वारा लागला तेव्हा उघडले. "काका, झोपलात की काय?" तिच्या ओठांवर होतं.

"नाही पोरी. पहिले तीन खोटे होते. ते खोडून टाक."

दुपारी घरी आला. चुलीपुढून मालतीबाईनं नुसते ओठ हलवले, "काय व्हयनं?"

"चावी दी उनू." गेटची चावी तो कंपनीत परत देऊन आला होता.

तिनं तोंड तव्याकडं फिरवलं आणि काहीतरी बोलली. खांदे हलत होते. काय बोलली ते त्याला कळलं नाही. तो वर्दीच्या शर्टाची बटणं काढत बसला.