दगडातले बुडबुडे

राखीव जंगलातल्या पठारावर फिरताना मला एक तरुण भूशास्त्रज्ञ दगडाला जीभ लावून बघताना दिसली. ओला केला की दगडाचा पोत नीट दिसतो. वनखात्याने तिला खडकांच्या नोंदीसाठी उन्हाळ्यापुरतं नेमलं होतं.

"मीठ बरोबर आहे ना, ताई?" सोबतच्या वनरक्षक मामांनी विचारलं. मग जरा थांबून म्हणाले, "साहेबांचा फोन होता. मुदतवाढ नाही. उद्या शेवटचा दिवस."

पायथ्याच्या फलकावर या कामाचं उद्घाटन करणाऱ्या पाच मान्यवरांची नावं पक्क्या रंगात आहेत. पठाराला अजून त्यांची ओळख झालेली नाही.

तिने मला दगडातली बारीक भोकं दाखवली. लाव्हा उकळत होता तेव्हाचे ते बुडबुडे. फुटायच्या आतच लाव्हा थिजला, आणि ते क्षण तसेच राहून गेले. अख्खं पठार श्वास रोखून पडल्यासारखं वाटलं. मी एका भोकात करंगळी घातली. आत गार होतं.

"उद्या लवकर निघू, मामा. पलीकडचा उतार राहिलाय."

"आता कोण विचारणार आहे, ताई?"

"कुणीच नाही," ती पाठीवर सॅक चढवत म्हणाली. "पण तो अजून कुणी नीट बघितलेलाच नाही."