शाकाहारी बचावफळी

खेळाडू म्हणून माझी कारकीर्द दोन सामन्यांची. दुसऱ्यात गुडघा मुरगळला, डॉक्टरांनी पळणं बंद केलं आणि भाईंदर पश्चिमेतल्या आमच्या सोसायटीच्या महिला फुटबॉल संघाने मला मॅनेजर केलं. दोन्ही सामने आम्ही हरलो होतो.

सासरे भलतेच खूश. त्यांच्या कात्रणांच्या वहीत पन्नासच्या दशकातला एक इंग्लिश खेळाडू आहे. त्याचाही गुडघा गेला आणि तोही आपल्याच क्लबचा मॅनेजर झाला. "पहिल्याच आठवड्यात जिवलग मित्राला बाहेर बसवलं त्याने," सासरे म्हणाले. "तुला जमेल?"

मला फक्त मैदान वाचवायचं होतं. कमिटीने बजावलं होतं, तिसराही सामना हरलात तर रविवार सकाळचं सोसायटीचं मैदान हास्यक्लबाला.

तिसरा सामना जवळच्या उत्तन कोळीवाड्यातल्या बायकांशी, त्यांच्याच मैदानावर. त्यांच्या आघाडीला पंचावन्न वर्षांच्या मावशी. आमची अर्धी बिल्डिंग मासे त्यांच्याकडूनच घेते. मावशी बॉल घेऊन आल्या आणि आमच्या तिन्ही बचावपटू चक्क बाजूला झाल्या. गोल. दुसऱ्या वेळी मावशी घसरल्या, तर आमच्यातल्या एकीने त्यांना हात देऊन उठवलं. उठून त्यांनी दुसरा गोल केला.

मध्यंतरात मी ओरडले, "अडवत का नाही त्यांना?"

"अगं, मंगळवारी पापलेट बाजूला कोण ठेवेल?"

"जावई पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा सुरमई घरी आणून दिली त्यांनी. पायात पाय कसा घालू?"

ही सुरमईवाली माझी जिवलग मैत्रीण. मी तिला बाहेर काढलं.

"मला? बारा वर्षांची मैत्री आपली!"

"सगळ्यांना पाणी दे."

मैदानाकडेला खुर्ची टाकून बसलेल्या सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बदली खेळाडू तीनच होत्या. दोन गुजराती बेन आणि एक मारवाडी भाभी. मासळी बाजारावरून जाताना तिघी नाकाला पदर लावतात. उरलेल्या दोन बचावपटूही बाहेर काढल्या आणि या तिघींना मागे उभं केलं.

मावशी आल्या. "बाजूला हो गो!"

"नहीं होनेका," त्यातली एक बेन म्हणाली आणि बॉल काढून घेतला.

मावशींनी शेवटचं अस्त्र काढलं. "उद्या ताजे बोंबील हाय!"

"मावशी, हम तो लहसुन भी नहीं खाते!"

दोन्ही संघ हसायला लागले. त्या हसण्यात आमच्या आघाडीने एक गोल उरकला. शेवटच्या मिनिटाला भाभीने डोळे मिटून बॉल लाथाडला. तो सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि अजूनही पोट धरून हसणाऱ्या त्यांच्या गोलकीपरच्या मागे जाऊन पडला. दोन-दोन! मी गुडघा विसरून उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजली, पण मैदान आमचं राहिलं.

मंगळवारी मावशी सोसायटीच्या गेटवर हजर. माझ्यासाठी पापलेट आणि माझ्यासोबत उभ्या असलेल्या त्याच बेनसाठी पिशवीभर वालाच्या शेंगा.

"घे गो, आमच्या वाडीतल्या हाय. पैसे नको."

पंधरा दिवसांनी परतीचा सामना होता. बेनने हात पुढे केला, तोच मी मधे घुसून पिशवी मावशींच्या टोपलीत परत ठेवली.

"सामना झाल्यावर द्या."

मावशी हसल्या. "मग तुझं पापलेट पण ठेवू?"

"ते द्या इकडे," मी म्हटलं. "मी कुठे खेळतेय?"