टँकर कुणी पाठवला?

आमच्या गल्लीत नळाला पाणी पंधरवड्यातून एकदा यायचं. नगराध्यक्षाची निवडणूक लागली आणि त्याच आठवड्यात ते एक दिवसाआड यायला लागलं. आनंद मात्र कुणालाच झाला नाही. सासूबाईंनी नळाखाली घागर लावली आणि धारेकडे बघत म्हणाल्या, "हे पाणी इतके दिस कुठं दडलं व्हतं?"

गावाचं नाव मी सांगत नाही. मनमाड-नांदगावच्या पट्ट्यात आहे एवढं पुरे. माझं माहेर निफाडकडचं, कालव्याच्या पाण्याचं. इथे लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा बघितलं, की पिण्याच्या पाण्याच्या टाकीलाही कुलूप असतं. घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. त्यामुळे गल्लीच्या मनात काय चाललंय ते मला बसल्या जागी कळतं. त्या दिवसांत मापं देता देता बायका एकच बोलायच्या: मत कुणाला?

नगराध्यक्ष या वेळी थेट लोकांनी निवडायचा होता आणि जागा महिलांसाठी राखीव होती. तिघी उभ्या होत्या. एक, आधीच्या नगराध्यक्षांची बायको. दुसरी, सिमेंट-खडीचा धंदा करणाऱ्या एका कंत्राटदाराची आई. तिसरी सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स, अपक्ष. नर्सबाईंनी अर्ध्या गावाला सुया टोचल्या होत्या, त्यामुळे सासूबाईंचं मत त्यांना. शेजारच्या काकू, ज्यांचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेत, त्यांना कंत्राटदार बरा वाटायचा. "निदान रस्ता तरी करेल, त्याला स्वतःची खडी खपवायचीय ना," असं त्या म्हणायच्या. उभी बाई असली तरी मत तिच्या घरातल्या कुठल्या तरी पुरुषाला जाणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

आधीच्या नगराध्यक्षांची बायको माझ्या वर्गात होती. दोघी एकाच शाळेत, एकाच सायकलवर डबलसीट जायचो. लग्नानंतर ती याच गावात मोठ्या घरात गेली आणि मी या गल्लीत. कधी बाजारात दिसली तर हसायची. तेवढंच.

प्रचारात एके दिवशी दुपारी त्यांची फेरी आमच्या गल्लीत आली. ढोल, झेंडे, पुढे-मागे पुरुषच पुरुष. मध्ये ती, हात जोडलेले. माझ्या दाराशी आली आणि एकदम आत शिरली. मागच्यांना म्हणाली, "माझी मैत्रीण आहे, दोन मिनिटं." दार लोटून घेतलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, बाथरूम कुठंय?"

बाहेर आली तेव्हा माझ्या मशीनच्या स्टुलावर बसली आणि चपला काढल्या. पाय टरटरून सुजले होते.

"सकाळपासून फिरतेय. पाणी प्यायचंच सोडलंय मी. कुणाच्या घरात मागायचं? उद्या त्याचाही व्हिडिओ फिरेल. हे कुणाला सांगू नकोस हं."

"नाही सांगत," मी म्हटलं. चहा ठेवला. मग राहवेना म्हणून विचारलं, "पाण्याचं काय गं? आत्ता कुठून येतंय एवढं?"

ती कपात बघत राहिली. "खरं सांगू? मला माहीत नाही. घरात विचारलं तर म्हणतात, तू फक्त हात जोड."

बाहेरून तिच्या नवऱ्याने हाक मारली, "झालं का?" ती उठली, पदर सारखा केला, आणि दार उघडण्याच्या आधीच तिच्या चेहऱ्यावर ते पोस्टरवरचं हसू आलेलं होतं. ते इतकं पटकन आलं की मला वाटलं, मग मघाचं तरी खरं कशावरून? सुजलेले पाय खरे होते. बाकीचं मला सांगता येईना.

ढोल वळणावर गेला न गेला तोच काकू दारात.

"काय म्हणाली?"

"काही नाही. चहा प्यायली."

"दार लावून?"

मी कपबशा उचलल्या. शब्द दिला होता. काकूंनी खोलीभर नजर फिरवली, कपाटाच्या वरसुद्धा बघितलं. संध्याकाळी आमचे हे दुकानातून आले तेही तोच प्रश्न घेऊन. मोबाइल दुरुस्तीच्या त्यांच्या दुकानात बातमी माझ्याआधी पोचली होती. "लोक विचारतायत, गल्लीची मतं तुझ्याकडून ठरवून घेतली का म्हणून." ते हसत म्हणाले, पण माझ्याकडे बघायचे थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा टँकर आला. गल्लीच्या तोंडाशी नाही थांबला, सगळी घरं ओलांडून बरोबर माझ्या दारात उभा राहिला. ड्रायव्हर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताईंच्या मैत्रिणीचं घर हेच ना? इथून सुरू करायला सांगितलंय."

"कुणी सांगितलंय?"

"मालकांनी."

"कुठले मालक?"

तो पाइप सोडवत राहिला. मी म्हटलं, टँकर मागे घ्या, आधी टोकाच्या घरांना द्या. पण सासूबाई पिंप घेऊन पोचल्यासुद्धा होत्या. "पाण्याला काय कळतं कुणाचं हाय ते! तू हो बाजूला." गल्लीतल्या बायका हंडे घेऊन रांगेत आल्या, भरून घेऊन गेल्या, पण माझ्याशी एकही बोलली नाही. दुपारी एक जण आली आणि शिवायला टाकलेले दोन ब्लाउजपीस परत मागून घेऊन गेली. घाई आहे म्हणाली. लग्न तर तिच्या घरी पुढच्या महिन्यात होतं.

मला रडू आलं नाही, राग आला. आणि राग नेमका कुणावर धरावा तेच कळेना. तिने पाठवला असेल तर माझ्या चहाची ही परतफेड? आणि तिने नसेल पाठवला, तर माझ्या घरात ती येऊन गेली हे ध्यानात ठेवून कुणी पाठवला?

गल्लीने तिन्ही उमेदवारांना मारुतीच्या पारावर बोलावलं होतं, प्रश्न विचारायला. नर्सबाई एकट्या चालत आल्या. पाण्याचं विचारल्यावर म्हणाल्या, "आधी बघावं लागेल कुठं मुरतंय. बघितल्याशिवाय वचन देत नाही." लोकांनी एकमेकांकडे बघून तोंडं वाकडी केली. जी वचनसुद्धा देत नाही ती काय पाणी देणार? कंत्राटदाराची आई खुर्चीत बसून राहिली, मुलगाच बोलला. नवी पाइपलाइन, नवी टाकी, सगळं नवं.

मग माझी मैत्रीण आली, नवऱ्यासोबत. त्याने बोलायला सुरुवात केली आणि मी उठून उभी राहिले.

"मला ताईंना विचारायचंय, साहेबांना नाही. माझ्या दारात टँकर कुणी पाठवला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने नवऱ्याकडे मान वळवली आणि माइक तसाच हातात असताना विचारलं, "तुम्ही पाठवला?"

तो हसला. "अहो, कार्यकर्ते उत्साही असतात..."

"म्हणजे पाठवला का नाही?"

"हे आपण घरी बोलू."

"आणि धरणात पाणी किती आहे? निवडणूक झाल्यावर किती दिवसांनी येणार? मलाही कळू दे."

त्याने तिच्या हातातला माइक घेतला, अगदी हळू, जसा लहान मुलाच्या हातातून चाकू घ्यावा, आणि भाषण सुरू केलं. ती खाली बघत बसून राहिली.

घरी येताना गल्ली दुभंगली. काही बायका म्हणाल्या, बाई धीराची आहे, भर सभेत नवऱ्याला विचारलं. काकू म्हणाल्या, "सगळं ठरवून केलेलं. मैत्रिणीने प्रश्न विचारायचा, हिने बाणेदारपणा दाखवायचा." म्हणजे माझं उठून उभं राहणंही कटात गेलं. पण ते ऐकताना मलाच वाटून गेलं, की मला न सांगता मला वापरलं असेल तर?

मतदानाच्या दिवशी मशीनसमोर मी जरा जास्तच वेळ उभी राहिले. बोट नर्सबाईंच्या चिन्हावर गेलं. ज्या बाईने वचन दिलं नाही, तिच्यावर संशय घ्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

निवडून आली कंत्राटदाराची आई.

महिनाभराने भाजीबाजारात माझी मैत्रीण भेटली. बरोबर कुणी नव्हतं, हातात मेथीच्या जुड्या. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तो टँकर आमचा नव्हता गं. कंत्राटदाराच्या माणसांनीच पाठवला होता. तुला बदनाम करायचं, म्हणजे मी पडेन."

"तुला कुणी सांगितलं?"

"ह्यांनी."

जाताना तिने माझा हात दाबला. तो हात मला आवडला, एवढं मात्र मी आजही सांगेन.

नळाला पाणी पुन्हा पंधरवड्यावर गेलं. नवी माणसं म्हणाली, धरणच आटलंय. एका सकाळी काकू दारात आल्या, जरा अवघडून. म्हणाल्या, "चल, बघून येऊ. डोळ्यांनी." काकू, सासूबाई आणि मी अशा तिघी रिक्षा करून धरणावर गेलो. इतकी वर्षं त्याचं पाणी प्यायलो, पण तिथे कुणीच कधी गेलो नव्हतो.

बांधावर चढलो तर खाली पाणी होतं. पुष्कळ, वाऱ्याने हलणारं, कडेला बगळे. सासूबाई म्हणाल्या, "हे आटलं? हे?" राखणदार आला. म्हणाला, "मावशी, दिसतंय तेवढं उचलता येत नाय. खालचा सगळा गाळ हाय. पंप पोचत नाय तिथवर."

"आन निवडणुकीत कसा पोचत व्हता?" सासूबाईंनी विचारलं.

तो म्हणाला, तेव्हा पाणी वर होतं. आणि तेव्हाच उपसून संपवलं.

आम्ही तिघी परत रिक्षात बसलो. काकूंना त्याचं म्हणणं पटलं होतं. सासूबाईंना अजिबात नाही. "त्याला बी कुणीतरी शिकवून ठिवलंय," त्या म्हणत होत्या. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात परत येऊ, बांधाच्या दगडांवर कुठवर पाणी आहे ते बघून ठेवलंय मी. काकू म्हणाल्या, मीही बघून ठेवलंय. मग गाव येईपर्यंत पाणी नक्की कुठल्या दगडापर्यंत होतं, यावर आमचा वाद चालला.